कोयत्याचा घाव आणि जुना वेगवान कॅमेरा



कोयता बोथट असला की बुडखा फाटतो आणि खोडवा नीट फुटत नाही, हे आपण जाणताच. पण घाव बसताना नेमके काय होते ते डोळ्याला दिसत नाही. सेकंदाला १००० चित्रे घेणारा कॅमेरा ते दाखवतो. तीच चित्रे पडद्यावर सेकंदाला २४ प्रमाणे दाखवली, की एका सेकंदाचे काम सुमारे ४२ सेकंद पाहता येते.

असा फिल्मवरचा कॅमेरा वापरलेला घेतला, तर लगेच वेगाने चालवू नये. आतले घट्ट झालेले वंगण पुसून हलके तेल द्यावे. बेअरिंग हाताने फिरवून पाहावी. भिंग व फिरता लोलक मऊ ब्रशने झाडावा. मग टाकाऊ फिल्म घालून हळू चालवावा. ओरखडा न पडता फिल्म गेली, तरच वेग वाढवावा. वेगात अडकली तर चिंधड्याच!

१६ मिलिमीटरच्या १०० फूट फिल्मवर ४००० चित्रे बसतात, म्हणजे ४ सेकंदांत खेळ खलास. म्हणून आधी कॅमेरा, मग कोयता, अशी वेळ जुळवावी. प्रत्येक चित्राला उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ मिळतो, तेव्हा भर दुपारचे ऊन धरावे.

यंत्र उघडायला भिऊ नये. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ साली स्वतः कॅमेरा तयार केला. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आली.

कॅमेरा मिळो न मिळो, आमचे सांगणे एकच: कोयत्याला धार लावूनच फडात उतरावे आणि ऊस जमिनीलगत तोडावा.