लक्ष्मीपूजनाची रात्र : मुले आणि मुकी जनावरे

दिवाळीतील फटाक्यांमुळे होणाऱ्या इजांचा विषय निघाला, की सुतळी बॉम्बचे नाव प्रथम पुढे येते. फुलबाजीकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. उलट, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाती ती आपणच कौतुकाने देतो. वस्तुतः जळत्या फुलबाजीचे तापमान हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते आणि ती विझल्यावरही तार बराच वेळ तापलेली राहते. अंगणात टाकलेल्या अशा तारांवर अनवाणी मुलांचे पाय पडतात. पाण्याची बादली जवळ ठेवून प्रत्येक तार तीत टाकली, तर ही इजा हमखास टळते. कृत्रिम धाग्याचा नवा परकर पेटल्यास वितळून कातडीला चिकटतो. त्या रात्री सुती कपडेच बरे.

न फुटलेला फटाका उचलण्यास मुले धावतात. वडीलधाऱ्यांची नजर हवी ती तेथे. कॅल्शियम कार्बाइडवर चालणाऱ्या घरगुती बंदुका तर पूर्णतः वर्ज्य मानाव्यात. 2025 च्या दिवाळीत भोपाळमध्ये त्यांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा केली.

भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. शाई लावण्याचा प्रघात कोठून पडला कोण जाणे. तिच्यामुळे जखम झाकली जाते आणि डॉक्टरांना तिची खोली कळत नाही. टूथपेस्टचेही तेच.

माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. भेदरलेले कुत्रे दावे तोडून पळते व वाट चुकते. त्यास दिवे लागण्यापूर्वीच फिरवून आणावे, आतल्या खोलीत ठेवावे, खिडक्या लावून रेडिओ चालू ठेवावा. गोठ्यातील जनावराला तर पळताही येत नाही. वसुबारसेला ज्या गाईची पूजा केली, तिच्याच दावणीलगत चार दिवसांत फटाक्यांची माळ लावली जाते, हे विसंगत नव्हे काय? शेजारी कडब्याची गंजी असेल, तर एक ठिणगी पुरते.

सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 च्या आदेशात दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली व माळांवर बंदी घातली. ग्रामपंचायतीने गोठे आणि गंज्यांपासून दूर एखादे मोकळे मैदान निश्चित करून धनत्रयोदशीपूर्वीच दवंडी द्यावी. शाळेला सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकांनी तीच सूचना वर्गात सांगितली, तर ती घरोघरी पोहोचेल.