लोंबीचें गणित पोटरींत

उमरेडहून भिवापूरमार्गें नागभीडकडे निघालें कीं धानाच्या बांध्या लागतात. एका लोंबीस दाणे किती, हें लोंबी बाहेर पडण्यापूर्वीं पोटरींतच बहुतांशीं ठरतें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नवलाची वाटेल.

त्या कोवळ्या लोंबीच्या अग्रांत सायटोकायनिन नांवाचें संप्रेरक असतें. तें जितकें टिकेल तितकीं फुलें अधिक; आणि एका फुलास दाणा एकच! या संप्रेरकाचा नाश करणारें एक विकर आहे. तें घडविणारें जनुक ज्या वाणांत मंदावलेलें, त्याची लोंबी भरगच्च, हें जपानी शास्त्रज्ञांनीं २००५ सालीं दाखविलें.

वाणावाणांतील असे भेद डोळस शेतकऱ्यास बांधींतही दिसतात. नागभीड तालुक्यांतील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं ‘पटेल ३’ धानांतील निराळ्या लोंब्या वेचल्या, त्यांतूनच ‘एच.एम.टी.’ तांदूळ घरोघरीं पोंचला.

परंतु वाण कितीही उत्तम असो, पोटरीच्या दिवसांत बांधी सुकली तर फुलें घटतात, कांहीं वांझ राहतात. मागाहून आलेला पाऊस तीं परत देत नाहीं. बोडींतलें पाणी त्या दिवसांकरितां राखून ठेवणें, हेंच आम्हांस खरें शहाणपण वाटतें.