नानकटाई डब्यात भरायची घाई नको

दिवाळीत शेजारी द्यायच्या फराळाच्या डब्यात मला चकलीइतकीच घरची नानकटाई हवी असते. तिचा खुसखुशीतपणा येतो तुपातून. मैद्यातल्या प्रथिनांना पाणी मिळाले की ती ग्लुटेनचे चिवट जाळे विणतात. पोळीला ते लागतेच, नानकटाईचा मात्र घात करते. तूप मैद्याच्या कणांना लपेटून हे जाळे विणू देत नाही. लोण्यात सुमारे १६ टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नसतेच. म्हणून इथे तूपच घ्यावे. बेसनात तर ग्लुटेन नाहीच. थोडे मिसळले की नानकटाई आणखी ठिसूळ होते, खमंगही.

तूप आणि पिठीसाखर फेसताना हवा कोंडली जाते. ओव्हनमध्ये ती फुगते तोवर वरचा थर सुकलेला असतो, त्यामुळे भेगा पडतात. मला त्या फार देखण्या वाटतात.

ओव्हनमधून काढल्यावर नानकटाई मऊ लागते. कच्ची समजून पुन्हा भाजू नका. गार होताना ती घट्ट होते. गरम असतानाच झाकण लावले, तर अडकलेली वाफ तिला मऊ पाडते. आणि तिच्याशेजारी ओल्या नारळाची वडी कधीच ठेवू नका. वडीतला ओलावा बंद डब्यातल्या हवेतून कोरड्या नानकटाईत शिरतो आणि ती सादळते.