थीम पार्कचा मुहूर्त

शुभकार्यासाठी पंचांग पाहण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. सहलीचा दिवस मात्र बहुतेक घरांत मुलांची सुट्टी ठरविते. परीक्षा संपते, मुलांचा हट्ट सुरू होतो आणि मे महिन्यातील एखाद्या रविवारी सारे कुटुंब थीम पार्कच्या प्रवेशद्वाराशी येऊन उभे राहते. त्याच रविवारी आणि त्याच कारणाने आणखी हजारो कुटुंबे तेथे आलेली असतात. दिवसभराच्या पायपिटीनंतर मुलांच्या पदरी चार-पाच राइड्स पडतात आणि आजी-आजोबांच्या पदरी उन्हाचा ताप. खर्च तर पुरेपूर झालेला असतो. अशी सहल अनेक कुटुंबांना दोन-तीन वर्षांतून एकदाच परवडते. म्हणूनच तिचा मुहूर्त विचारपूर्वक निवडणे आवश्यक ठरते.

भारतात या उद्यानांचा इतिहास फार जुना नाही. दिल्लीतील ‘अप्पू घर’ १९८४ साली सुरू झाले आणि २००८ साली बंद पडले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली ‘एस्सेल वर्ल्ड’ आले, तर कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागात १९९१ साली ‘निक्को पार्क’. हैदराबादजवळची ‘रामोजी फिल्म सिटी’ १९९६ सालची. ‘वंडरला’ समूहाचे पहिले उद्यान २००० साली कोचीत ‘वीगालँड’ या नावाने उघडले. पुढे २००५ साली बेंगळुरूजवळ बिडदी येथे, २०१६ साली हैदराबादला आणि २०२४ साली भुवनेश्वरला त्याची भावंडे आली. खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ २०१३ सालचे. आज देशाच्या बहुतेक भागांतील कुटुंबाला असे एखादे ठिकाण एका रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात सापडते. प्रश्न उरतो तो केव्हा जावे, एवढाच.

तिकिटाची खरी किंमत

या उद्यानांत बहुधा प्रवेशाच्या तिकिटातच बहुतेक राइड्सचा समावेश असतो. त्यामुळे तिकिटावर छापलेली रक्कम ही खरी किंमत नव्हे. दिवसभरात किती राइड्स मिळाल्या, यावर ती ठरते. उदाहरणादाखल, एका पाळण्यात २० माणसे बसतात आणि दर दोन मिनिटांनी तो सुटतो, असे समजू. म्हणजे तासाला ६०० माणसे. आपल्यापुढे रांगेत १५० माणसे असतील तर पाळी पंधरा मिनिटांत येईल. ६०० असतील तर तासाभराने. जेवणखाण वगळता हाती सहा तास असतील आणि प्रत्येक राइडसाठी रांगेसह सत्तर मिनिटे लागली, तर दिवसात पाच राइड्स होतात. अर्ध्या तासात एक उरकली तर बारा. तिकीट १५०० रुपयांचे धरले, तर पहिल्या कुटुंबाला प्रत्येक राइड ३०० रुपयांना पडली आणि दुसऱ्याला १२५ रुपयांना. तिकीट तेच, पाळणाही तोच. फरक फक्त दिवसाच्या निवडीचा.

उद्यानांचे चालकही हे जाणून असतात. म्हणूनच अनेक ठिकाणी सोमवार ते शुक्रवारचे दर शनिवार-रविवारपेक्षा कमी असतात आणि काही ठिकाणी जादा पैसे भरून छोट्या रांगेने जाण्याचे वेगळे तिकीट मिळते. हे जादा पैसे खरे तर वेळेचे मोल आहे. गर्दीचा काळ टाळणाऱ्याला तोच वेळ विनामूल्य मिळतो.

गर्दीचे गणित शाळेच्या वेळापत्रकात

गर्दी कधी होईल, हे हवामानापेक्षा त्या प्रांतातील शाळांच्या सुट्ट्यांवरून अधिक अचूक कळते. आपला देश विशाल असल्याने या सुट्ट्याही सर्वत्र सारख्या नाहीत. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये दिवाळीची मोठी सुट्टी असते. कर्नाटक आणि तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला मिळते, बंगालमध्ये दुर्गापूजेला. केरळात ओणम आणि नाताळ या दोन सणांना दहाएक दिवस शाळा बंद असतात.

चतुर कुटुंबाला या फरकातच संधी दिसते. आपल्या मुलांना सुट्टी आहे, पण जेथे जायचे तेथील मुले शाळेत आहेत, असा आठवडा शोधावा. नागपूर वा सोलापूरच्या कुटुंबाने दिवाळीचे मुख्य दिवस घरी साजरे करावेत आणि उरलेल्या सुट्टीत हैदराबाद गाठावे. तेथील दसऱ्याची सुट्टी संपलेली असते, शाळा सुरू झालेल्या असतात आणि पावसाळा सरल्याने हवाही सुखद होऊ लागते. याउलट बेंगळुरू वा हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला खोपोलीला यायचे असेल, तर दसऱ्याच्या सुट्टीतील मधले वार सोयीचे. त्या सुमारास महाराष्ट्रातील मुले सहामाही परीक्षेच्या तयारीत गुंतलेली असतात. प्रत्यक्ष दसऱ्याचा दिवस आणि गांधी जयंतीला जोडून येणारी सुट्टी तेवढी वगळावी.

आठवड्यातील वारही महत्त्वाचा. मंगळवार ते गुरुवार हे दिवस सर्वसाधारणपणे शांत असतात. याला एक अपवाद आहे. डिसेंबर आणि जानेवारी हे शालेय सहलींचे महिने असून, एखाद्या बुधवारी मुलांनी भरलेल्या दहा-दहा बसगाड्या उद्यानात येतात. अशा वेळी आधी दूरध्वनी करून, त्या दिवशी किती शाळांचे आरक्षण आहे याची चौकशी करणे शहाणपणाचे. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा तर सर्वत्र गर्दीचा.

पाऊस, ऊन आणि लाटांचा तलाव

रांग छोटी असली तरी आभाळाने साथ दिली पाहिजे. मुसळधार पाऊस, सोसाट्याचा वारा आणि विजा असताना उंचावरील पाळणे आणि रोलर कोस्टर सुरक्षिततेसाठी थांबविले जातात. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी असल्याने जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाऊस कोसळतो. शिवाय शनिवार-रविवारी लोणावळ्याकडे निघालेल्या पर्यटकांमुळे द्रुतगती मार्गावर वाहनांच्या रांगा लागतात. गणेशोत्सवानंतर पावसाचा जोर ओसरला की तोच डोंगर हिरवा असतो आणि उद्यान तुलनेने मोकळे.

केरळात साधारणतः १ जूनला मोसमी पाऊस दाखल होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीच्या मोसमात दुपारनंतर विजांसह पुन्हा बरसतो. म्हणून कोचीसाठी नाताळची सुट्टी संपल्यानंतरचा जानेवारी आणि फेब्रुवारी हा काळ उत्तम. कोलकात्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुखाचा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी कालबैसाखीची वादळे येतात.

जलक्रीडा हाच मुख्य हेतू असेल तर उन्हाळाच बरा. हैदराबादच्या डिसेंबरातील सकाळी लाटांच्या तलावात उतरणारी मुले कुडकुडत बाहेर येतात. मे महिन्यात जावेच लागले, तर दार उघडण्यापूर्वी पोहोचावे, मोठ्या राइड्स पहिल्या दोन तासांत उरकाव्यात आणि ऐन दुपार पाण्यात किंवा छताखालील खेळांत घालवावी. पारा चाळिशी ओलांडत असेल तर वृद्ध आणि लहान बाळे यांना सोबत नेण्याचा आग्रह धरू नये.

परदेशी जाताना

परदेशातही नियम हाच. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत सिंगापूरच्या शाळा बहुतांशी सुरू असतात. त्यांची चार आठवड्यांची सुट्टी मेच्या अखेरीस सुरू होऊन जून व्यापते. म्हणून सेंटोसा बेटावरील ‘युनिव्हर्सल स्टुडिओज’ला मेच्या पूर्वार्धात भेट द्यावी. जपानमध्ये एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ‘गोल्डन वीक’ची सुट्टी असते. १९८३ पासून सुरू असलेल्या टोकियो डिस्नेलँडला तेव्हा जाणे टाळलेले बरे. अमेरिकेतील फ्लोरिडात १९७१ साली उघडलेल्या डिस्ने वर्ल्डला जून-जुलैत कडक ऊन, दुपारची वादळे आणि तेथील मुलांची सुट्टी एकत्र येतात. मुलांकडे जाऊन राहणाऱ्या आजी-आजोबांना तारखांची मोकळीक असेल, तर जानेवारीचा उत्तरार्ध त्यांना अधिक मानवेल.

योग्य वर्ष कोणते?

ऋतू आणि वार ठरले, तरी एक गोष्ट उरते. मोठ्या राइड्सना उंचीची किमान अट असते आणि सुरक्षेसाठी ती काटेकोरपणे पाळली जाते. घरून निघण्यापूर्वी मुलाची उंची भिंतीशी मोजावी आणि उद्यानाचे नियम पाहावेत. उंची दोन बोटे कमी पडत असेल, तर सहल वर्षभर पुढे ढकलणे हाच खरा मुहूर्त. ज्या पाळण्याचे स्वप्न वर्षभर पाहिले, त्याच्याच दारातून परत फिरण्याचे दुःख मुलाला फार मोठे असते. गर्भवती स्त्रिया, हृदयविकार वा पाठदुखी असलेल्यांसाठीही अनेक राइड्स वर्ज्य असतात.

नियोजन खर्चाचे

दिवस आधी ठरला की पैशाची तजवीज सोपी होते. एप्रिलमध्ये दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केल्यास सात हप्त्यांत २१,००० रुपये आणि वर व्याज हाती येते. दिवाळीनंतरच्या सहलीसाठी कर्ज वा क्रेडिट कार्डाचा भार घ्यावा लागत नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, हे ध्यानात ठेवून तारीख टिपून ठेवावी.

बँक कर्मचाऱ्यांना मार्चअखेरीस रजा मिळणे कठीण, आणि सप्टेंबर २०१५ पासून मिळणाऱ्या दुसऱ्या व चौथ्या शनिवारच्या सुट्टीचा मोह मोठा. परंतु शनिवारी उद्यानातही गर्दी असते. त्या शनिवारी प्रवास करावा, रविवारी विश्रांती घ्यावी आणि रजेचा एक दिवस खर्चून सोमवारी वा मंगळवारी उद्यान पाहावे. रजेचा तो एक दिवस मुलांना दुपटीने राइड्स मिळवून देतो आणि आजी-आजोबांना बसायला सावलीतले बाक.