वासटा राणीची तरतूद

 

पितृपक्ष चालू आहे. इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय, "काका, वर्षातून एकदा पान वाढलं, कावळ्याला घास ठेवला, की झालं का? गेलेल्या माणसापर्यंत काय पोचतं?" ताई, काय पोचतं ते शास्त्री सांगतील. मी फौजी माणूस. मी तुम्हाला तेराशे वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगतो.

रायपूरपासून साधारण ८० किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. जुनं नाव श्रीपूर, दक्षिण कोसलची राजधानी. तिथलं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे. इतक्या पावसाळ्यांनंतरही विटांवरचं कोरीव काम ओळखू येतं. नाव लक्ष्मणाचं पडलं, पण देऊळ मुळात विष्णूचं. दगडी दाराच्या माथ्यावर शेषशायी विष्णू आहे. हे देऊळ वासटा राणीने बांधलं, आपला पती राजा हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ. ती मगधच्या सूर्यवर्म्याची लेक. तिचा मुलगा महाशिवगुप्त बालार्जुन तेव्हा गादीवर होता. मुलगा शिवभक्त, आणि आईने उभारलं ते विष्णूचं देऊळ. कुणाचं काही अडलं नाही.

आता खरी गोष्ट. या देवळाचा शिलालेख सापडला आहे. त्यात राणीचं दुःख आहे, कवीची स्तुती आहे, आणि पुढे चक्क हिशेब आहे. देवळासाठी पाच गावं दिली. त्यांच्या उत्पन्नाचे चार भाग केले. तीन भाग अन्नछत्रासाठी, देवळाच्या डागडुजीसाठी आणि तिथल्या सेवकांच्या पोटापाण्यासाठी. चौथा भाग ब्राह्मणांना. त्यालाही अट घातली: पुढे त्यांच्या मुला-नातवांना हक्क मिळेल, पण ते विद्वान असले पाहिजेत, जुगारासारखी व्यसनं नकोत. जो अटीत बसणार नाही, त्याच्या जागी दुसरा नेमायचा.

पाहा, ज्या दिवशी देऊळ उभं राहिलं त्याच दिवशी ते कधीतरी मोडकळीस येईल, हे राणीने धरून ठेवलं होतं. माणसंही बिघडतील, हेही धरलं होतं. फौजेत आम्ही यालाच बंदोबस्त म्हणतो. नुसत्या भावनेवर चौकी टिकत नाही, मागून रसद यावी लागते.

माझ्या कंपनीतला एक जवान बर्फात गेला. सातारकडचा पोरगा. पुढे रजेवर असताना मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने मिळालेल्या पैशातून वाडीत बोअर पाडली होती, आणि मोटार बिघडली तर दुरुस्तीला म्हणून थोडी रक्कम पोस्टात वेगळी ठेवली होती. मी म्हटलं, "आई, त्याच्या नावाची पाटी लावूया." त्या म्हणाल्या, "पाटी कशाला साहेब? मोटार चालू राहिली म्हंजे झालं." त्या माउलीने सिरपूर पाहिलं नव्हतं, पण तिचा विचार राणीचाच होता.

सिरपूरलाच १९५०च्या दशकात आपले मराठी पुरातत्त्वज्ञ मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केलं. त्यात बालार्जुनाच्याच काळातला, आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने बांधलेला विहार उजेडात आला. तिथल्या लेखातही भिक्षूंच्या जेवणाची तरतूद आहे. राजा शैव, आई वैष्णव, विहार बौद्ध, आणि तिघांच्या नगरीत पंगत मात्र मांडलेली.

तर ताई, पान जरूर वाढा, घासही ठेवा. ती आपली श्रद्धा आहे. पण गेलेल्या माणसाच्या नावाने एखादं काम लावून द्या: एका मुलाची फी, वाचनालयाची वर्गणी, पाणपोईचा रांजण. आणि ते काम आपल्या माघारी कोण चालवणार, हेही आजच ठरवून ठेवा. पूर्वजांपर्यंत काय पोचतं ते देव जाणे. एवढं केलं तर पुढच्यांपर्यंत नक्की पोचेल.

आज इतकंच. उद्या भेटू. जय हिंद.