खांड, उघाडी आणि सातबारा

रामवाडीतल्या आमच्या आजोबांना महायुद्ध आठवे ते रेशनच्या तांदळावरून. 1942 साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला, तिकडचा तांदूळ बंद झाला. स्वातंत्र्य आलं तरी टंचाई सरेना. त्यात आमची कुळाची शेती पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत. उधाणाने बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पाडली की खारं पाणी आत. पुढची दोन-तीन पिकं गेलीच. गावकरी कंबरभर चिखलात उभे राहून खांड बुजवत, ओहोटीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी सोडत. 1948च्या खारजमीन कायद्याने सरकारनेही बांधांत हात घातला. कुळकायदा त्याच वर्षीचा, पण खरी उभारी, माझ्या मते, 1 एप्रिल 1957ला आली: कसणारा मालक ठरला. फुकट नव्हे हं! किंमत हप्त्यांनी भरायची होती. आजोबांनी ती भात विकून फेडली.