दोन्ही पाय डावे

मॉरिस हर्शफील्ड यांच्या चित्रांतल्या बायकांचे पाय जरा निरखून पाहा. एक पाऊल डावं. आणि दुसरं? अहो, तेही डावंच! वर्षानुवर्षं बायकांच्या सपाता बनवून विकलेल्या माणसाला उजवा पाय कळू नये?

हर्शफील्ड यांचा जन्म 1872चा, रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमधल्या ज्यू घरातला. अठराव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्क गाठलं. बायकांच्या कोटांच्या कारखान्यात कापड बेतण्याचं काम धरलं, पुढे भावाबरोबर स्वतःचा कारखाना काढला, मग सपातांचा. नक्षीदार सपातांची पेटंटंसुद्धा घेतली. 1935च्या सुमारास तब्येतीने दगा दिला आणि धंदा सुटला. 1937 मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ब्रश हातात आला!

शिकवणारं कोणी नव्हतं. कॅनव्हास? घरातली जुनी चित्रं उतरवली आणि त्यांच्यावरच रंग चढवायला बसले. जुन्यातला आवडलेला भाग खुशाल तसाच ठेवून.

खरी गंमत पुढेच आहे. हा माणूस चित्र काढत नव्हता, बेतत होता. आधी कागदावर पूर्ण मापाचा आराखडा, मग तो कॅनव्हासवर उतरवायचा. कोट बेततानाही हेच तर करतात! म्हणून त्यांची माणसं सपाट, कडा धारदार, दोन्ही बाजू मापात. आणि ‘अंगोरा कॅट’मधल्या मांजरीची लव? बारीक बारीक फटकाऱ्यांनी भरलेली, विणल्यासारखी. शरीररचनेत कच्चा असलेला हा गडी पोत रंगवायला लागला की भल्याभल्यांनी बघत राहावं. पायांबद्दल माझा आपला एक तर्क: सपातेचा नमुना दाखवायला एकच पाऊल पुरतं. हाताला वळण पडलं ते त्याचंच.

1939 मध्ये संग्राहक सिडनी जॅनिस यांना एका गॅलरीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेली हर्शफील्ड यांची चित्रं दिसली. 1942 मध्ये अतिवास्तववाद्यांनी त्यांना आपल्या प्रदर्शनात घेतलं, तर 1943 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्यांचं एकट्याचं प्रदर्शन भरवलं. समीक्षक तुटून पडले, ‘दोन डाव्या पायांचा उस्ताद’ म्हणून खिल्ली उडवली. त्याच वर्षी संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांचं पद गेलं. विश्वस्तांच्या नाराजीत या प्रदर्शनाचाही वाटा होता.

हर्शफील्ड 1946 मध्ये गेले. अवघ्या नऊ वर्षांत सत्तरहून अधिक चित्रं! 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने ती पुन्हा मांडली, तेव्हा एका कलावतीने जुन्या पेटंटच्या आराखड्यांवरून त्यांच्या सपाताही बनवल्या. त्याही त्याच प्रदर्शनात होत्या.